गायधनींच्या टेबलावरची गळकी टाकी

डॉक्टर गायधनींच्या दिवाणखान्यात टेबलावर जी पाण्याची टाकी आहे ती वीतभर उंच आहे, आतून भरीव आहे, आणि आमच्या अख्ख्या गल्लीला प्यायचं पाणी तिच्यातूनच येतं. बाहेरगावचं माणूस हे ऐकून माझ्या तोंडाकडे बघत राहतं. मी म्हणते, तुमच्याकडे नळातून येतं, आमच्याकडे डागातून येतं. ज्याचं त्याचं नशीब, त्यात इतकं बघण्यासारखं काय आहे.

मी द्वारका सोनवणे. गल्लीच्या तोंडाशी माझी पिठाची गिरणी आहे आणि गिरणीसमोर गायधनींचं घर. आमचं तांबडगाव जंक्शन म्हणजे गाड्या ढिगानं आणि पाणी नावाला. स्टेशनामागे नगरपालिकेची मोठी काँक्रीटची टाकी उभी आहे, पण ती आता गळतसुद्धा नाही, कारण गळायला आत काही असावं लागतं. तिच्या अंगावरचे डाग तेवढे चांगल्या दिवसांतले आहेत.

डॉक्टर दातांचे. आयुष्यभर त्यांनी गावाच्या दातांवरचे तंबाखूचे आणि चहाचे डाग काढले, आणि दवाखाना बंद केल्यावर ते डाग घालायला बसले. दिवाणखान्यातलं सोफ्याचं सामान माडीवर गेलं, तिथे फळीचं मोठं टेबल आलं, आणि टेबलावर आमचं स्टेशन उभं राहिलं. रूळ, सिग्नल, मालधक्का, पादचारी पूल, सगळं. त्यावरून बोटभर उंचीच्या गाड्या धावतात. त्याला खेळ म्हणायचं नाही. मी एकदा म्हणाले होते, तर पुढचा महिनाभर त्यांचं दळण दुसऱ्या गिरणीत जात होतं.

गाड्या त्यांनी विकत आणलेल्या आहेत, त्यांचं त्यांना काही विशेष नाही. त्यांचा जीव काँक्रीटमध्ये. दातांचे ठसे घ्यायचं प्लॅस्टर त्यांच्याकडे पोत्यानं उरलेलं, त्याचे खांब, कठडे, भिंती ओतायच्या आणि मग त्या रंगवत बसायचं. पहिल्यांदा मी बघायला गेले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "द्वारकाबाई, काँक्रीट कसल्या रंगाचं असतं?"

"राखाडी," मी म्हणाले. कुणीही हेच म्हणालं असतं.

"साफ चूक. चला."

मला हाताच्या पिठासकट स्टेशनामागे नेलं आणि टाकीसमोर उभं केलं. आणि खरं सांगते, ती टाकी मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, पण त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. वरच्या कडेला ती दुसऱ्यांदा उकळलेल्या चहासारखी होती. मधे राखेची. खाली जमिनीलगत पावसानं उडवलेली लाल माती कंबरेइतकी चढलेली. ओतताना लावलेल्या फळ्यांचे वळ अजून अंगावर होते. जिथे आतली सळई फुगली होती तिथे तांबूस ठिपका, आणि ठिपक्याखाली ओघळ. "ओघळ नसलेला गंज म्हणजे नुसतं कुंकू," डॉक्टर म्हणाले. "गंज कधी एका जागी बसत नाही, पाण्याबरोबर खाली येतो."

मग ती टाकी त्यांनी घरी केली. फळ्यांचे वळ दात खरवडायच्या हत्यारानं काढले. रंग पाण्यासारखा पातळ, एकावर एक इतके हात दिले की मला वाटलं आता प्लॅस्टर विरघळणार. प्रत्येक हात कापसाच्या बोळ्यानं पुसून घ्यायचा, तोही वरून खाली, एकाच दिशेनं. मी म्हटलं आडवा पुसला तर लवकर होईल. ते म्हणाले, "पाऊस आडवा उतरतो का?" माझ्या हयातीत मी इतकी निगुतीनं केलेली घाण बघितली नाही, आणि हे मी कौतुकानंच म्हणतेय.

सगळ्यात शेवटी टाकीच्या तळाच्या सांध्यातून उतरणारा मोठा ओघळ त्यांनी रंगवायला घेतला. मधे काळपट, दोन्ही कडांना लोणा, म्हणजे सिमेंटातला खार, धरलेला पांढरा, आणि खाली जिथे थेंब टेकतो तिथे शेवाळ. त्या एका ओघळावर त्यांनी आठवडा घालवला. मग कुंचला खाली ठेवला आणि "झालं" म्हणाले.

त्याच संध्याकाळी नलिनीवहिनी, म्हणजे डॉक्टरांच्या मिसेस, फडकं घेऊन टेबल पुसत होत्या. रुळांमध्ये पाणी साठलं होतं. त्या म्हणाल्या, "अहो, तुमची टाकी गळतेय."

डॉक्टर पेपर वाचत होते. "गळणारच," ते म्हणाले. "आठवडा घालवलाय मी तिच्यावर."

वहिनींनी आधी टाकीखाली वाटी ठेवली, मग पातेलं, मग दातांच्या जुन्या खुर्चीची नळी काढून ती टाकीच्या पायाशी बसवली आणि तिचं दुसरं टोक हंड्यात सोडलं. पाणी स्वच्छ, गार आणि चवीला गोड. कुणीतरी शंका काढली की टाकी खऱ्या टाकीच्या मानाने एवढीशी, मग थेंबही डोळ्यांना न दिसण्याइतका बारीक पडायला हवा. डॉक्टरांनी यावर नीट विचार केला आणि सांगितलं की प्रमाण वस्तूला असतं, ओलीला नसतं. ते सगळ्यांना पटलं. निदान हंडे भरत होते तोवर कुणाला न पटायचं कारण नव्हतं.

मग गल्लीची रीत बसली. चपला बाहेर काढायच्या. मालगाडी टाकीखालून जात असेल तर ती जाईपर्यंत हंडा लावायचा नाही. पाणी भरताना ओघळाकडे बघून एखादं खरं वाक्य बोलायचं. नुसतं "छान आहे" म्हणणाऱ्याला डॉक्टर आ करायला लावून त्याचे दात बघत आणि काय काय किडलंय ते रांगेसमोर सांगत. त्यामुळे आमच्या गल्लीतल्या बायका लोणा आणि शेवाळावर असं बोलतात की ऐकणाऱ्यानं थक्क व्हावं.

टाकीचा नियम आम्हाला हळूहळू कळला. एकदा डॉक्टरांनी हौसेनं आणखी शेवाळ रंगवलं, पण चुकून सूर्याकडच्या बाजूला. दुसऱ्या दिवशी नळी कोरडी. ते खऱ्या टाकीकडे जाऊन आले, कपाळाला हात लावला, घरी येऊन उन्हाकडचं शेवाळ खरवडून सावलीच्या बाजूला रंगवलं, आणि पाणी परत आलं. मग संक्रांतीला वहिनींनी पाणी देणारी म्हणून टाकीच्या खांबाला हळदीकुंकू वाहिलं. डॉक्टर घरभर ओरडत फिरले. पण खरी टाकी जाऊन बघतात तर तिच्या खांबालाही कुण्या काळी बायकांनी वाहिलेल्या हळदीकुंकवाचा फिका डाग होता. त्यांनी मुकाट्यानं तो रंगवला, आणि बोटभर धार वाढली. खरं असेल ते टाकीला चालतं, खोटं चालत नाही, इतका साधा हिशेब. पलीकडच्या आळीतल्या कासारांनी आपल्या भिंतीवर काळ्या रंगाची बादली ओतून बघितली. त्यांची भिंत घाण झाली, बाकी काही नाही.

आता माझं सांगते, कारण या टाकीत माझा जीव का अडकला ते त्याशिवाय कळायचं नाही. माझी एकुलती एक लेक वृषाली, सासर पुण्याला. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण विहीणबाईंनी फोनवर सरळ सांगितलं, "तुमच्याकडे पाण्याची बोंब. बाळंतिणीला आणि बाळाला तिथे कसं ठेवणार? इकडेच करू." बोलल्या ते चूक नव्हतं, म्हणून जास्तच लागलं. गिरणी बंद करून मी आतल्या खोलीत जाऊन रडले. लेकीचं एक बाळंतपण आपल्या हातानं होऊ नये, यासारखं दुसरं नाही.

टाकी गळायला लागली आणि मी फोन केला. म्हटलं, पाणी आहे, बारा महिने चोवीस तास. त्यांनी विचारलं, "नळाला?" मी म्हटलं, "टाकीला." यात काही खोटं नव्हतं. वृषाली आली, फेब्रुवारीच्या शेवटी तिला मुलगी झाली. बाळंतिणीच्या घरात पाणी किती लागतं ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. शेक, न्हाणं, दुपटी, लंगोट, आणि परत न्हाणं. मी दिवसातून चारदा हंडा घेऊन समोर जायची आणि चारदा ओघळाबद्दल नवीन खरं वाक्य शोधायची.

आणि मार्च उजाडला. खैरनार मॅडम आल्या त्या तेव्हा.

खैरनार मॅडम म्हणजे नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअर. बाई तरुण, सरळ, उन्हातान्हात स्वतः टाक्यांवर चढणारी. आमच्या गल्लीतून टँकरची मागणी येईना म्हणून चौकशीला आल्या होत्या. चपला काढून आत आल्या, टेबलाजवळ वाकल्या, आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

"ही टाकी गळते," त्या म्हणाल्या.

"गळते," डॉक्टर म्हणाले. त्यांना अभिमान लपवता येईना.

"तळाचा सांधा पावसात सुटलाय."

"उन्हाळ्यात. डाव्या कडेचा लोणा बघा."

त्यांनी परत वाकून बघितलं. "हो की. उन्हाळ्यातच." मग चष्मा काढून पुसला. "सर, मी इतकी वर्षं गळत्या बघतेय. इतकी खरी गळती आमच्या हद्दीत दुसरी नाही."

डॉक्टरांचा चेहरा असा झाला की वहिनी न सांगता चहा टाकायला गेल्या. ओघळ वाचता येणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटलं होतं. दोघं मग काँक्रीटवर बोलत बसले आणि मी हंडा भरून निघणार, तेवढ्यात मॅडम कप खाली ठेवून म्हणाल्या, "मार्चअखेर हद्दीतल्या सगळ्या टाक्यांची गळती बंद करायचा आदेश आहे. ही पण करावी लागेल."

माझा हंडा तिथेच राहिला. "अहो मॅडम, ही टाकी वीतभर आहे," मी म्हणाले.

"टाकी किती उंच, ते आदेशात नाही."

"गळती बंद झाली तर आमचं पाणी बंद होईल."

"गळती बंद झाली की पाणी वाचतं, मावशी. बंद होत नाही."

"पण आत पाणीच नाही. ती भरीव आहे," वहिनी म्हणाल्या.

मॅडमनी त्यावर प्रामाणिकपणे विचार केला. "मग वाचलेलं पाणी शून्य दाखवीन," त्या म्हणाल्या. "गळती तरी बंद होईल. गळकी टाकी डोळ्यांनी बघून मी सोडून दिली असं व्हायला नको. तुम्हाला जमत नसेल तर मी माणूस पाठवते, तो थापीनं सिमेंट मारून जाईल."

"माझ्या टाकीला कुणाची थापी लागणार नाही," डॉक्टर म्हणाले. "दुरुस्ती मी करीन."

मॅडम गेल्यावर मी डॉक्टरांना समजावलं. म्हटलं, वरवर एक ठिगळ रंगवा, मॅडम बघून जातील, मग पुसून टाका. कुणाला कळतंय.

"त्यांना कळतं," डॉक्टर म्हणाले. "आणि टाकीला कळतं. कासारांची भिंत बघितलीत ना? लटकं काम इथे चालत नाही. दुरुस्ती करायची तर खरी दुरुस्ती जशी असते तशीच करणार."

"मग आमच्या पाण्याचं काय?"

"तुम्ही पाण्याचं बोलताय, मी टाकीचं बोलतोय."

माझं डोकंच फिरलं. "आग लागो तुमच्या कलेला," मी म्हणाले आणि भरलेला हंडा उचलून घरी आले. परत त्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. पण संध्याकाळी बाळाची दुपटी पडली होती, म्हणून गेले. डॉक्टरांनी तोंडातून शब्द काढला नाही आणि मीही नाही. ओघळाबद्दलचं वाक्य मात्र बोलावं लागलं, ती रीत होती.

त्यानंतर डॉक्टर रोज सकाळी छत्री आणि दुर्बीण घेऊन बाहेर पडत. नगरपालिकेनं गावात दुरुस्त केलेल्या टाक्या, बाजारातली, शाळेमागची, दवाखान्याजवळची, एकेका टाकीखाली उभं राहून मान वर करून बघत बसायचे. शाळेतली पोरं त्यांच्याभोवती जमून तीही वर बघायची. घरी आल्यावर वहिनी त्यांच्या मानेला तेल चोळायच्या. काय बघितलं विचारलं तर म्हणायचे, "ठिगळं." तेवढंच.

इकडे विहीणबाईंना कुठून तरी कळलं. फोन आला. त्या रागावल्या नाहीत, उलट मऊपणानं म्हणाल्या, "तुमचा जीव कळतो हो मला. पण पाणी जाणार असेल तर आम्ही येऊन घेऊन जातो दोघींना." वृषालीनं बाळाची टोपडी आणि झबली घड्या घालून बॅगेत ठेवायला घेतली. मी तिला ठेवू नको म्हणू शकले नाही, कारण मी कशाच्या भरवशावर म्हणणार होते.

दुरुस्तीच्या दिवशी गल्लीनं सकाळपासून घरातलं होतं नव्हतं ते भांडं भरून घेतलं. पिंपं झाली, पराती झाल्या, शेवटी लोकांनी ताकाचे गंज आणि फुलदाण्या आणल्या. मी गिरणीतला पिठाचा डबा घासून भरला. खैरनार मॅडम वेळेवर आल्या आणि टेबलाशी खुर्ची घेऊन बसल्या. आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो.

डॉक्टरांनी हिरवट झाक असलेला राखी रंग कालवला. नव्या सिमेंटचा हाच रंग, मी कितीदा बघितलाय. सांध्यावर तळहाताच्या आकाराचं ठिगळ घेतलं, म्हणजे टाकीच्या मापानं तळहाताच्या. कडा जरा उचललेल्या. थापी फिरवल्याचे अर्धगोल वळ. आणि ओल्या सिमेंटवर गवंडी बोटानं तारीख लिहितात ना, तशी पुसट तारीख. ठिगळाखालचा जुना ओघळ त्यांनी वाळवला, त्याची ओल घालवली, शेवाळ तपकिरी करून टाकलं. बघता बघता तो ओघळ मेला. मला बघवेना, पण हात बघण्यासारखा चालला होता, म्हणून डोळेही फिरवता येईनात.

हंड्यात पडणारी धार थांबली. आवाज थांबला म्हणून वहिनी आतून "काय झालं" म्हणत बाहेर आल्या. त्या आवाजाची घराला इतकी सवय झाली होती.

मॅडमनी वाकून ठिगळ बघितलं. "दुरुस्ती नियमाप्रमाणे झाली," त्या म्हणाल्या. "मंजूर."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पदर लावला आणि निघाले, म्हटलं जाऊन वृषालीच्या बॅगेची चेन लावू.

"द्वारकाबाई, थांबा," डॉक्टर म्हणाले. "कुठे निघालात? काम अर्धं झालंय." मग मॅडमकडे वळले. "ही आजची टाकी झाली. दुरुस्तीच्या दिवशीची. पण माझ्या टेबलावर नवं काही नसतं, मॅडम. इथल्या प्रत्येक वस्तूवरून पाऊस गेलेला आहे. या ठिगळावरूनही एक पावसाळा जायला पाहिजे."

"हे बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर बाकीच्याशी जुळणार नाही."

डॉक्टरांनी ठिगळाची हिरवट झाक घालवली. कडेला जुनं आणि नवं सिमेंट जिथे भेटतं तिथे केसाइतकी रेघ घेतली. "जुनं सिमेंट पाणी पितं, नवं आकसतं," ते स्वतःशीच बोलत होते. "मग कड सुटते. बाजारातली अशीच सुटलीय." त्या रेघेखालून त्यांनी एक कोवळा ओघळ सोडला, मधे फिका, कडांना लोणा नुसता धरू लागलेला, शेवाळ अजून नाही. मग ठिगळाच्या दुसऱ्या कोपऱ्यातून एक. मग खालून एक.

"बाजारातल्या टाकीला ठिगळाखाली दोन गळत्या आहेत," डॉक्टर म्हणाले. "शाळेमागच्या टाकीला तीन. मी शाळेची घेतली. तिथलं काम जास्त सुबक आहे."

"ते मी करून घेतलं होतं," मॅडम हळूच म्हणाल्या.

"ओळखलं मी. थापीचा हात चांगला आहे."

आणि टाकी गळायला लागली. आधी कोपऱ्यातून, मग दुसऱ्या कोपऱ्यातून, मग खालून, तिन्हीकडून एकदम. वहिनी नळी धरायला धावल्या, पण एक नळी पुरेना. मी पुढे होऊन परात लावली. परात भरली तशी बादली लावली. सगळे मॅडमकडे बघत होते.

मॅडम खुर्चीत टेकून बसल्या.

"जुनी गळती बंद झाली, ती मी डोळ्यांनी बघितली," त्या म्हणाल्या. "ही दुरुस्तीनंतरच्या पावसाळ्यातली आहे. म्हणजे नवी गळती. नवी गळती पुढच्या मार्चला धरतात."

मग त्यांनी पर्समधून पाण्याची रिकामी बाटली काढली. मालगाडी टाकीखालून जात होती, ती पूर्ण जाईपर्यंत थांबल्या. बाटली लावताना ओघळाकडे बघून म्हणाल्या, "डाव्या गळतीला अजून शेवाळ नाही, कारण तिला सावली उशिरा मिळते." डॉक्टरांनी मान डोलावली. त्यांनी मॅडमचे दात बघितले नाहीत.

मी डॉक्टरांच्या पाया पडायला वाकले. ते म्हणाले, "अहो काय करताय, टेबलाला धक्का लागेल." मी म्हटलं, लागू दे. पण जपूनच वाकले.

बारसं आमच्याकडेच झालं. विहीणबाई पुण्याहून आल्या, दोन तांबे पाणी प्यायल्या, गोड आहे म्हणाल्या. बॅग रिकामी करून माळ्यावर टाकलेली त्यांनी बघितली आणि वृषालीला म्हणाल्या, राहा निवांत, पाऊस लागेपर्यंत. मग मी त्यांना टाकी दाखवायला समोर घेऊन गेले. जाताना रीत समजावून सांगितली, पण म्हातारं माणूस, विसरल्या. चष्मा वर करून टाकीकडे बराच वेळ बघत राहिल्या, आणि एवढंच म्हणाल्या, "फार जुनी दिसते हो तुमची टाकी."

डॉक्टरांनी आत जाऊन दार लावून घेतलं. वहिनी म्हणाल्या, काही नाही, त्यांना भरून आलंय.